पॉल रोबसन : एका गाण्यातले बदललेले शब्द

चोंगेवाला

आमचा धंदा मांडव आणि माईकचा. आजोबांनी एक कर्णा, एक ॲम्प्लिफायर आणि दोन बॅटऱ्यांवर सुरू केला, अण्णांनी वाढवला, मी आता मिक्सर घेऊन बसतो. सभा कुठल्याही पक्षाची असो, लोक जमायच्या आधी अण्णा एकच कॅसेट लावायचे. भूपेन हजारिकांचं हिंदीतलं गंगेचं गाणं. "खर्ज फाटला नाही ना, मग बाकीचं फाटत नाही," एवढंच त्यांचं शास्त्र. त्या गंगेच्या मागे मिसिसिपी आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. हजारिका १९४९ च्या सुमारास न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तिथे त्यांची पॉल रोबसन या काळ्या अमेरिकन गायक-नटाशी गाठ पडली, आणि रोबसनच्या नदीच्या गाण्यावरून त्यांना आपलं गाणं सुचलं.

तेव्हापासून मी या माणसाच्या नादी लागलोय. घरचे वैतागलेत, म्हणून इथे लिहितो.

जन्म ९ एप्रिल १८९८, न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन. बाप गुलामीत जन्मलेला, पंधराव्या वर्षी पळून सुटलेला, पुढे चर्चमध्ये पाद्री झालेला. पॉल शिष्यवृत्तीवर रटगर्स कॉलेजात गेला. फुटबॉलच्या (त्यांच्या, हाताने खेळायच्या) सरावात पहिल्याच दिवशी स्वतःच्याच टीममधल्या गोऱ्या पोरांनी त्याचं नाक फोडलं, खांदा निखळवला. हा दहा दिवस अंथरुणात पडला आणि परत मैदानात गेला. पुढे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला, वर्गात पहिल्या रांगेत आला, कोलंबियातून वकील झाला. एका फर्ममध्ये नोकरी धरली. तिथल्या स्टेनो बाईने काळ्या माणसाचं डिक्टेशन घ्यायला नकार दिला. वकिली संपली.

नाटकात शिरला तो असा, म्हणजे दुसरं दार बंद झाल्यावर. १९२५ मध्ये लॉरेन्स ब्राउन या पियानोवाल्याला घेऊन न्यूयॉर्कमध्ये फक्त गुलामांच्या भक्तिगीतांचा आणि लोकगीतांचा कार्यक्रम केला. १९२८ मध्ये लंडनला 'शो बोट' या संगीत नाटकात तो मिसिसिपीच्या धक्क्यावरचा हमाल झाला. ते नदीचं गाणं त्यातलं. १९३० मध्ये लंडनमध्येच ऑथेल्लो. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर ऑथेल्लो, २९६ प्रयोग. शेक्सपियरचं नाटक ब्रॉडवेवर सलग इतकं चाललेलं नव्हतं.

आता मला जे सांगायचंय ते. त्या गाण्यात मूळ शब्द असे होते, की हमाल म्हणतो, थकलो बाबा, धडपडीचा वीट आला, जगायचा कंटाळा आणि मरायची भीती. नदी आपली वाहतेय, तिला कशाचं काही नाही. एका गोऱ्या गीतकाराने कळवळ्याने लिहिलेलं गाणं, खोटं नाही. पण रोबसनने ते गाता गाता बदलत नेलं. आधी काळ्यांसाठीचा शिवीसारखा शब्द काढला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती ओळच पालटली: रडण्यापेक्षा हसत राहीन, आणि मरेपर्यंत लढत राहीन. चाल तीच. जिथे आवाज खाली बसायचा तिथे तो आता उभा राहतो. दोन्ही रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐका, हेडफोन लावून. गीतकाराला हा बदल मुळीच रुचला नव्हता. साहजिक आहे. पण त्यानंतर लोकांना हेच शब्द हवे असायचे.

त्याच्यावर लिहिणारे म्हणतात की तो आधी कलाकार होता आणि मग राजकारणाकडे 'वळला'. मला हे वळण सापडत नाही. लंडनला असताना त्याला रस्त्यात वेल्सचे बेकार खाणकामगार गात चाललेले दिसले आणि हा त्यांच्यात जाऊन गायला लागला. स्पेनच्या यादवी युद्धात लढणाऱ्यांसाठी तिथे जाऊन गायला. १९३७ मध्ये लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये म्हणाला की कलावंताला बाजू घ्यावीच लागते, स्वातंत्र्याची की गुलामीची ते ठरवावं लागतं, मी ठरवलंय. तेच शब्द आज त्याच्या थडग्यावर आहेत. १९४२ मध्ये कॅन्सस सिटीत मध्यंतराच्या सुमारास लक्षात आलं की काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवलंय, तर तिथल्या तिथे सांगितलं की पुढचं मी निषेध म्हणून गातोय. बरेच गोरे उठून गेले. ही सगळी स्टेजवरचीच कामं.

एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत तो बोलला. वृत्तसंस्थेने ते मोडतोड करून छापलं, की अमेरिकेतले काळे लोक रशियाविरुद्ध लढणार नाहीत असं हा म्हणतो. ऐंशीच्या वर कार्यक्रम रद्द झाले. ऑगस्टअखेर न्यूयॉर्कजवळ पीकस्किलला त्याचा कार्यक्रम होता, जमावाने स्टेज, खुर्च्या जाळल्या. आठवड्यात, ४ सप्टेंबरला, हा परत तिथेच. युनियनच्या माणसांनी खांद्याला खांदा लावून मैदानाभोवती कडं केलं, काही जण त्याच्या मागे पाठ टेकवून उभे राहिले, कारण झाडीतून गोळी येईल अशी धास्ती होती. वीसेक हजार लोकांत तो गायला. परत जाताना बसगाड्यांवर दगडांचा पाऊस. शंभराच्या वर माणसं जखमी, पोलीस बघत उभे. पीट सीगर हा गायकही त्या दिवशी तिथे होता. गाडीत येऊन पडलेले दगड त्याने जपून ठेवले आणि पुढे स्वतः बांधलेल्या घराच्या धुराड्यात लिंपून टाकले.

१९५० मध्ये सरकारने पासपोर्ट काढून घेतला. देशात हॉल मिळेना, बाहेर जाता येईना. वर्षाला लाखावर डॉलर कमावणारा माणूस काही हजारांवर आला.

आणि आता माझ्या धंद्यातली गोष्ट. जानेवारी १९५२ मध्ये कॅनडात व्हँकूव्हरला खाणकामगारांच्या युनियनने त्याला बोलावलं. कॅनडात जायला अमेरिकन माणसाला तेव्हा पासपोर्ट लागतही नव्हता, तरी सीमेवर अडवला. त्याने फोनवरून गाणं ऐकवलं. मग युनियनने शक्कल लढवली. ब्लेन गावापाशी सीमेवर पीस आर्च नावाची कमान आहे, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. १८ मे १९५२ रोजी अमेरिकेच्या बाजूला, सीमारेषेला खेटून, सपाट हौद्याचा ट्रक उभा केला. त्यावर पियानो, माईक आणि हा सहा फूट तीन इंची माणूस. कर्ण्यांची तोंडं कॅनडाकडे. समोर परक्या देशात हजारो लोक गवतावर बसलेले. ट्रकवर पियानो चढवायचा म्हणजे काय हे मला माहीत आहे. सहा माणसं लागतात, आणि त्यातला एक तरी बोट चेंगरून घेतोच. पुढची तीन वर्षं त्यांनी हे दरवर्षी केलं.

१९५७ मध्ये तर समुद्राखालून. अटलांटिकच्या तळाशी टेलिफोनची केबल पडून जेमतेम वर्ष झालेलं. वेल्सच्या खाणकामगारांचा पोर्थकॉलला उत्सव, हा न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, तिकडे पाच हजार लोक हॉलमध्ये. खर्जाचा आवाज फोनवरून पाठवायचा म्हणजे हत्ती खिडकीतून न्यायचा प्रकार. तो गायला, मग तिकडून त्यांनी आपल्या भाषेतलं गाणं उलट ऐकवलं. रेकॉर्ड उपलब्ध आहे. टाळ्या येतात तेव्हा खरखर वाढते, ती ऐकून मला काय होतं ते इथे लिहिता येत नाही.

पासपोर्ट परत मिळाला १९५८ मध्ये, सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एकाच्या खटल्यात निकाल दिल्यावर. पुढचं नंतर लिहितो, उद्या पहाटे पाचला मांडव आहे.

मुक्काम_पोस्ट

झकास लिहिलंय. हत्ती खिडकीतून हे चोरणार आहे. पुढचं लिहाच.

बार्शीलाईट

वाचताना सारखे आमच्या बार्शीचे अमर शेख डोळ्यांपुढे येत होते. महबूब हुसेन पटेल हे खरं नाव, जन्म १९१६. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, संपात उतरले, तुरुंगात गेले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लालबावटा कलापथक. माझे आजोबा सांगायचे, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला माईक बंद पडला तरी अमर शेखांचं अडायचं नाही, डफावर थाप पडली की शेवटची रांग गप्प. (चोंगेवाले, तुमच्या धंद्याला वाईट, पण ऐका.)

फरक एकच जाणवतो. रोबसन वरून खाली आला, म्हणजे हॉलमधून कामगारांत. आमचे शाहीर कामगारांतूनच फडावर चढले. त्यामुळे त्यांना कुणी 'तुमचं काम गाण्याचं, राजकारण कशाला' असं विचारलं नाही. विचारणार कोण, गाणंच ते होतं.

चोंगेवाला

@बार्शीलाईट, वरून खाली हे तितकंसं बरोबर वाटत नाही. गुलामाचा पोर वर कुठे होता? पण शेवटचं वाक्य पटलं. आपल्याकडे शाहीर ही जातच वेगळी, तिथे कला आणि चळवळ असे दोन खण नव्हतेच.

तिरकस

आरती संपली असेल तर एक विचारू? स्टालिनचं काय? १९५२ चं स्टालिन शांतता पारितोषिक याच महाशयांना मिळालं. स्टालिन मेल्यावर यांनी गौरवलेख लिहिला. अमेरिकेत काळ्या माणसाला झाडाला टांगतात म्हणून (रास्त) आवाज उठवणारा माणूस रशियात लाखो लोक छळछावण्यांत सडताना काय करत होता? इतका मोठा लेख आणि यावर एक ओळ नाही. 'कलावंताने बाजू घ्यावी' म्हणे. बाजू घेणं आणि डोळे मिटणं यात फरक असतो.

मुक्काम_पोस्ट

तिरकसराव, नावाला जागलात. पण प्रश्न वाजवी आहे.

कट्टा_क्र_३

मी तर म्हणतो गाणाऱ्याने गावं. रोबसन राजकारणात पडला नसता तर आणखी वीस वर्षं ऐकायला मिळाला असता. नुकसान आपलं झालं. भूपेनदांचंही बघा, आमदार झाले, म्हातारपणी लोकसभेला उभे राहून पडले. काय मिळालं?

चोंगेवाला

मांडव उतरवून आत्ता बसलो.

@तिरकस, लेखात नव्हतं कारण मला ते लिहायला अवघड जात होतं. पळवाट काढत होतो हे कबूल. आता लिहितो.

जून १९४९, मॉस्को. रोबसनचे तिथे दोन ज्यू मित्र होते, नट मिखोएल्स आणि यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) कवी इत्सिक फेफर. मिखोएल्स आदल्या वर्षी वारला होता, सरकारी म्हणण्याप्रमाणे अपघातात. फेफर दिसेना म्हणून रोबसनने हट्ट धरला. फेफर तेव्हा कोठडीत होता. त्याला आंघोळ घालून, बरे कपडे चढवून हॉटेलवर आणला. खोलीत कान लावलेले आहेत हे त्याने खुणेने सांगितलं. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा आणि हाताने चिठ्ठ्या: मिखोएल्सला मारलं, स्टालिनच्या हुकमाने. आणि स्वतःबद्दल सांगताना गळ्यावरून बोट फिरवलं. (हे रोबसनच्या मुलाने नंतर, बापाकडून ऐकलेलं म्हणून सांगितलं.)

त्यानंतर चायकोव्हस्की हॉलमध्ये कार्यक्रम. शेवटी रोबसनने मंचावरून त्या दोघांची नावं घेतली, त्यांच्या मैत्रीबद्दल बोलला आणि वॉर्साच्या वस्तीत नाझींनी कोंडलेल्या ज्यूंचं लढ्याचं गाणं यिडिशमध्ये गायला. त्या शहरात, त्या वर्षी. आधी शांतता, मग लोक रडत उठले म्हणतात.

इथपर्यंत तो माझा माणूस. पण अमेरिकेत परत येऊन पत्रकारांना म्हणाला, मला तर रशियात ज्यूंचा छळ कुठे दिसला नाही. १२ ऑगस्ट १९५२ ला फेफरला गोळी घातली. रोबसन जन्मात उघडपणे बोलला नाही. त्याला वाटत होतं की आपण बोललो तर ते हत्यार आपल्यावर दगड टाकणाऱ्यांच्या हातात जाईल. हे कारण मला समजतं. समजतं म्हणून पटतं असं नाही. एका गाण्यातले शब्द बदलायला ज्याला दहा वर्षंही लागली नाहीत, त्याला हे एक वाक्य शेवटपर्यंत बदलता आलं नाही.

@कट्टा_क्र_३, 'काय मिळालं' याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण राजकारणात न पडता तो काय गायला असता सांगा. थकलो, मरायची भीती वाटते, हेच ना?

तिरकस

प्रामाणिक उत्तर. माझ्याकडून विषय संपला. (संपला म्हणजे मी पुन्हा येणार नाही असं नव्हे.)

प्रिन्स्टनची_पारू

मी बारा वर्षं या भागात राहते. प्रिन्स्टनचा विदरस्पून स्ट्रीट म्हणजे आमची शनिवारची कॉफीची जागा. एका टोकाला विद्यापीठाचं दिमाखदार गेट, आणि सरळ चालत गेलं की काळ्या लोकांची जुनी वस्ती, रोबसनच्या वडिलांचं चर्च आणि त्याचं जन्मघर. चालायला काही मिनिटं. त्या काळी विद्यापीठ काळ्या मुलांना घ्यायचं नाही, म्हणून गावातला मुलगा रटगर्सला गेला. तिथे आता त्याच्या नावाचा चौक आहे, २०१९ मध्ये केला. कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या यादीत त्याचं नाव लागलं १९९५ मध्ये, मेल्यावर एकोणीस वर्षांनी. आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणाला सांगितलं तर म्हणतात, तो चौक का, तिथे पार्किंग मिळत नाही.

एक तक्रार. एस्लांडा कुठे आहे तुमच्या लेखात? त्याची बायको. ती रसायनशास्त्र शिकलेली, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. याला स्टेजवर ढकलणारी, करार करणारी, पैशांचा हिशेब ठेवणारी तीच. नंतर मानववंशशास्त्र शिकली, आफ्रिका फिरून पुस्तक लिहिलं. नवऱ्याची बाहेर प्रकरणं, घटस्फोटापर्यंत गेलेलं, तरी कामात जोडी राहिली. १९५३ मध्ये कम्युनिस्ट हुडकणाऱ्या मॅकार्थीच्या समितीपुढे तिलाही उभं केलं होतं.

चोंगेवाला

ताई, चूक मान्य. आमच्याकडेही वायरींचा हिशेब आई ठेवायची आणि पाटीवर नाव अण्णांचं.

फोर्टातला_म्हातारा

यात मुंबईचा एक धागा आहे, तो कुणी ओढला नाही म्हणून लिहितो. १९५८ मध्ये रोबसनला साठ वर्षं झाली, तेव्हा पासपोर्ट अजून जप्तच होता. जगभर वाढदिवस साजरा झाला आणि भारतातल्या समितीचे अध्यक्ष होते एम. सी. छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. नेहरूंनी गौरवाचं निवेदन काढलं. अमेरिकन वकिलातीची मंडळी अस्वस्थ झाली, हा समारंभ टळला तर बरं असं त्यांनी सुचवून पाहिलं. समारंभ झाला. गंमत पुढेच आहे: त्याच वर्षी छागलांना भारताचे राजदूत म्हणून पाठवलं, तेही वॉशिंग्टनलाच. माझे वडील तेव्हा हायकोर्टात कारकून होते. छागलासाहेबांबद्दल ते एवढंच म्हणायचे, की साहेब वेळेवर यायचे आणि वेळेवर उठायचे.

बार्शीलाईट

वा आजोबा! हे ठाऊक नव्हतं.

मुक्काम_पोस्ट

पुढचं लिहिणार होतात ना चोंगेवाले? १९५६ ची ती चौकशी राहिली.

चोंगेवाला

हो. १२ जून १९५६, संसदेची अमेरिकाविरोधी कारवायांची समिती. तू कम्युनिस्ट आहेस का, पुन्हा पुन्हा तेच. हा उत्तर देत नाही, उलट त्यांनाच नावं विचारतो. एकाने विचारलं, रशिया इतका आवडतो तर तिथेच का नाही राहिलास? म्हणाला, कारण माझा बाप गुलाम होता, माझी माणसं हा देश उभारता उभारता मेली, आणि मी इथेच राहणार, तुमच्याइतकाच माझा वाटा घेऊन. नटाचा आवाज आहे हे कागदावरसुद्धा कळतं.

पासपोर्ट मिळाल्यावर दोन-तीन वर्षं जगभर फिरला. मग मार्च १९६१ मध्ये मॉस्कोच्या हॉटेलात मनगटाची नस कापून घेतली. वाचला. लंडनच्या इस्पितळात चोपन्न वेळा विजेचे झटके दिले. त्यानंतर तो रोबसन परत आला नाही. १९६५ मध्ये एस्लांडा गेली. उरलेली वर्षं फिलाडेल्फियाला बहिणीच्या घरी. १९७३ मध्ये कार्नेगी हॉलला पंचाहत्तरीचा सोहळा झाला, त्याला जाता आलं नाही, आवाज टेप करून पाठवला. २३ जानेवारी १९७६ ला गेला. यावर मला जास्त लिहायचं नाही.

त्यापेक्षा नोव्हेंबर १९६०, सिडनी. ऑपेरा हाऊस अजून नुसता सांगाडा. जेवणाच्या सुट्टीत हा बांधकामावर जाऊन गवंडी-सुतारांपुढे उभा राहिला. डोक्यावर छप्पर नाही, अंगात जाड कोट. माणसं परांचीवर चढून डबे हातात धरून ऐकतायत. त्या वास्तूत पहिलं गाणं झालं ते असं, इमारत व्हायच्या तेरा वर्षं आधी. चित्रफीत आहे, नक्की बघा.

कट्टा_क्र_३

बघितली. माझं मत बदललेलं नाही, पण तीनदा बघितली.

चोंगेवाला

काल एका सोसायटीत हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. माईक तपासायला अण्णांची कॅसेट लावायच्या ऐवजी मोबाईलवरून रोबसन लावला, बदललेल्या शब्दांचा. पोरगा म्हणाला, बाबा, खर्ज फाटत नाही. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू बाहेर आल्या. म्हणाल्या, कोण आहे रे हा, माझ्या मांडणीवरची भांडी वाजतायत. मी बंद करायला गेलो तर म्हणाल्या, बंद नको, जरा हळू कर.